एका डिस्कवर दोन-तीन सिस्टीम: पार्टिशनचं गणित बिघडलं तर आधी काय पाहायचं

कोल्हापुरात एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये बिलं आणि टॅली विंडोजवर, मशीन चालवायला लिनक्स-सीएनसी. विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर विंडोज, उबुंटू आणि हौसेनं टाकलेलं फेडोरा (दोन्ही लिनक्सचेच प्रकार). मग एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब रेस्क्यू’ दिसतं, किंवा डी ड्राइव्हमध्ये फाइल सेव्ह होत नाही, किंवा लिनक्स चालू व्हायला दीड मिनिट जादा लागायला लागतं. बघायला आलेला माणूस सांगतो, “फॉरमॅट मारूया.” तो फॉरमॅट मारण्याआधी करायच्या गोष्टी इथे दिल्या आहेत, कारण अशा बिघाडात डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. चुकलेली असते ती नोंद.

शेतीचा व्यवहार माहीत असेल तर हे पटकन कळेल. पार्टिशन टेबल म्हणजे मोजणीचा नकाशा: कुठला हिस्सा कुठून कुठवर. फाइल सिस्टीम म्हणजे त्या हिश्शात पाडलेल्या सऱ्या, आणि तुमच्या फाइली म्हणजे उभा ऊस. नकाशा फाटला म्हणून ऊस जळत नाही. फॉरमॅट मात्र रानात रोटर फिरवल्यासारखं आहे. त्यामुळे बिघाड नकाशात आहे, सरीत आहे की नुसत्या गट नंबरच्या नोंदीत, हे ठरेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

आज्ञांबद्दल एक सूचना. इथे त्या एकेका अक्षराच्या उच्चारानं, मध्ये हायफन देऊन लिहिल्या आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं, हायफन वगळून, सलग टाइप करा. ‘डॅश’ हा शब्द येईल तिथेच उणे चिन्ह. अपडेट-ग्रबसारख्या अख्ख्या शब्दांनी लिहिलेल्या नावात मात्र मधला हायफन टाइप करायचा. लिनक्सच्या टर्मिनलमधल्या प्रत्येक आज्ञेआधी ‘एस-यू-डी-ओ’ आणि एक स्पेस.

हात लावण्याआधी

8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि चालत्या मशीनवरून त्यावर उबुंटू, मिंट किंवा जीपार्टेड लाइव्ह तयार करा, म्हणजे डिस्कवरची सिस्टीम चालू न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. दुरुस्ती करायची ती याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून. चालू असलेल्या लिनक्सचं पार्टिशन त्याच लिनक्समधून तपासता किंवा लहान करता येत नाही. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्यातला प्रकार आहे तो.

दुसरं काम पार्टिशन टेबलची नक्कल. ‘एस-एफ-डी-आय-एस-के’, स्पेस, डॅश ‘डी’, स्पेस आणि डिस्कचं नाव (आधी स्लॅश ‘डी-ई-व्ही’ स्लॅश लावून; नाव पुढे ‘नकाशा वाचणं’मधल्या यादीत मिळेल). पडद्यावर जो मजकूर येतो तो जशाच्या तसा एका टेक्स्ट फाइलमध्ये घालून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. फाइल अगदीच छोटी असते, पण चुकून हिस्सा उडाला तर प्रत्येक पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं हे तिच्यात लिहिलेलं असतं. मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा चालेल. ही नक्कल मशीन धडधाकट असताना आजच काढून ठेवा.

तिसरं, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे पाणी कुठवर आलं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको: ती डिस्क कॉम्प्युटरच्या शेजारी तळमजल्यावर ठेवू नका.

आणि लाईट. पावसाळ्यात लाईट जाणं-येणं चालूच असतं. पार्टिशन सरकवताना ती गेली, तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो, आणि नकाशा दोन्हींपैकी एकालाही जुळत नाही. साध्या हार्डडिस्कवर वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी चालतं, म्हणून वेग सेकंदाला 50 एमबी धरा. 200 जीबीला 4000 सेकंद, म्हणजे तासापेक्षा जास्त. घरगुती छोटा यूपीएस तेवढा वेळ टिकत नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावूनच बसा.

नकाशा वाचणं

लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, टर्मिनल उघडा आणि ‘एल-एस-बी-एल-के’, स्पेस, डॅश ‘एफ’ टाइप करा. ही आज्ञा फक्त वाचते, लिहीत काहीच नाही, त्यामुळे बिनधास्त चालवा. पर्याय न देता नुसती चालवली तर आकार दिसतात.

समजा 512 जीबीची एनव्हीएमई डिस्क आहे. यादीत ती 476.9 जीबी दिसेल. कंपनी जीबी 1000 च्या पटीत मोजते आणि ही आज्ञा 1024 च्या, म्हणून हा फरक; जागा कुणी खाल्लेली नाही. खाली हिस्से. पहिला 100 एमबीचा, प्रकार व्हीफॅट: हे ईएफआय पार्टिशन, सगळ्या सिस्टीमचे बूटलोडर (सिस्टीम चालू करून देणारे छोटे प्रोग्रॅम) इथेच असतात. दुसरा 16 एमबीचा, प्रकाराचा रकाना रिकामा: विंडोजनं स्वतःसाठी राखलेला. तिसरा 300 जीबी एनटीएफएस, म्हणजे सी ड्राइव्ह. चौथा काही शे एमबीचा एनटीएफएस, विंडोजची रिकव्हरी. पाचवा 80 जीबी ईएक्सटी-4, पहिलं लिनक्स. सहावा 8 जीबी स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली तर लिनक्स वापरतं ती जागा. सातवा 80 जीबी ईएक्सटी-4, दुसरं लिनक्स. नवखा माणूस पहिल्या आणि दुसऱ्या हिश्शाकडे बघून “हे कशाला, उडवूया” म्हणतो, आणि पहिला उडवला की तिन्ही सिस्टीम एकदम बंद पडतात.

प्रत्येक ओळीत यूयूआयडी नावाचा लांबलचक आकडा असतो. तो म्हणजे गट नंबर. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं “ओढ्याकडचं रान” म्हटल्यासारखी आहेत. नवी डिस्क जोडली किंवा केबल बदलली की ती उलटीपालटी होतात. म्हणून नोंद कायम यूयूआयडीनंच करायची.

जुन्या मशीनवर एमबीआर प्रकारचं टेबल सापडेल. त्यात मुख्य हिस्से चारच. जास्त हवे असतील तर एक ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात ‘लॉजिकल’ हिस्से, अगदी पोटहिश्शांसारखे. पोटहिश्शांचे नंबर 5 पासून सुरू होतात, आणि यातला मधला 6 नंबर उडवला की 7 चा 6 होतो. नंबरवर विसंबलेली प्रत्येक नोंद तिथे चुकते. जीपीटी या नव्या प्रकारच्या टेबलात ही भानगड नाही. 128 हिस्से बसतात आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

आधी डिस्कची तब्येत

‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर असतोच. डिस्क निवडून मेनूतून स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) उघडा. हार्डडिस्कवर ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्यापेक्षा जास्त असेल आणि वाढत असेल, तर पुढचा सगळा लेख बाजूला ठेवा. अशा डिस्कवर दुरुस्तीची एकही आज्ञा चालवू नका. आधी डीडीरेस्क्यूनं संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मग त्या प्रतीवर काम करा. खराब सेक्टरवरून दुरुस्ती करत राहिलं तर उरलेलंही जातं.

दीड मिनिटाचं कोडं

नव्यानं दुसरं लिनक्स टाकल्यावर पहिलं लिनक्स चालू होताना अडकतं. पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि एक मिनिट तीस सेकंदांची उलटी गिनती. संपली की सिस्टीम निमूट चालू होते. लोक डिस्क हळू झाली म्हणून नवी आणायला निघतात.

कारण साधं आहे. दोन्ही लिनक्सना एकच स्वॅप दिला होता. दुसऱ्याच्या इन्स्टॉलरनं तो पुन्हा फॉरमॅट केला आणि त्याला नवा यूयूआयडी मिळाला. पहिल्या लिनक्सच्या ‘ई-टी-सी’ फोल्डरमधल्या ‘एफ-एस-टी-ए-बी’ (एफएसटॅब) या फाइलीत, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत, मात्र जुना नंबर तसाच. ते जुन्या नंबराच्या स्वॅपची 90 सेकंद वाट बघतं, मग नाद सोडतं.

उपाय: ‘बी-एल-के-आय-डी’ चालवून स्वॅपचा आजचा यूयूआयडी बघा, एफएसटॅब उघडून स्वॅपच्या ओळीतला जुना आकडा बदला. उबुंटू, मिंट, डेबियनवर आणखी एक जागा असते: ‘ई-टी-सी’ मध्ये ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ फोल्डर, त्यात ‘कॉन्फ डॉट डी’, त्यात ‘रिझ्यूम’ नावाची फाइल. तिथेही जुना नंबर असला तर बदला आणि अपडेट-इनिटरॅमएफएस ही आज्ञा डॅश ‘यू’ सह चालवा. एफएसटॅब बदलून थोडा उशीर उरला, तर तो याच फाइलीमुळे.

खरं म्हणजे दोघांत एक स्वॅप ठेवूच नये. एक लिनक्स हायबरनेट केलं तर त्याची सगळी मेमरी त्या स्वॅपमध्ये असते; तशात दुसरं चालू केलं की ती पुसली जाते. प्रत्येकाला त्याच्याच पार्टिशनमध्ये स्वॅप फाइल द्या, प्रश्न मिटला.

एफएसटॅबची एक ओळ

याच फाइलीतली दुसरी चूक जास्त घाबरवते. डेटाचं पार्टिशन उडवलं किंवा पुन्हा फॉरमॅट केलं, पण एफएसटॅबमधली त्याची ओळ राहिली, की लिनक्स थेट ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन थांबतं. काळा पडदा, पासवर्डची मागणी. रूटचा (लिनक्समधल्या मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड ठेवलेलाच नसेल, तर काही सिस्टीम तिथेही आत घेत नाहीत. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून त्या लिनक्सचं पार्टिशन उघडून फाइल दुरुस्त करायची.

ओळीत सहा रकाने असतात. पहिला यूयूआयडी, दुसरा कुठल्या फोल्डरवर जोडायचं ते, तिसरा प्रकार, चौथा पर्याय, पाचवा 0, आणि सहावा चालू होताना तपासणी करायची की नाही: मूळ पार्टिशनला 1, लिनक्सच्या इतर पार्टिशनना 2, एनटीएफएसला 0. ज्या ओळीवाचून सिस्टीम चालू शकते अशा प्रत्येक ओळीच्या चौथ्या रकान्यात स्वल्पविराम देऊन ‘एन-ओ-एफ-ए-आय-एल’ घाला. मग ते पार्टिशन सापडलं नाही तरी सिस्टीम अडून बसत नाही. फाइल बदलल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. ‘एफ-आय-एन-डी-एम-एन-टी’, स्पेस, डॅश डॅश ‘व्ही-ई-आर-आय-एफ-वाय’ चालवा. चूक असेल तर ती चालू सिस्टीममध्येच कळते.

विंडोजचा ड्राइव्ह उघडतो, पण लिहू देत नाही

हा बिघाड नाही, सावधगिरी आहे. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोपच असते. ड्राइव्हची स्थिती सी ड्राइव्हवरच्या फाइलीत धरून ठेवलेली असते. लिनक्सनं त्यावर लिहिलं तर विंडोज उठल्यावर जुनीच आठवण खरी मानून नवं लिहिलेलं मोडतं. म्हणून लिनक्स तो फक्त वाचायला जोडतं. जबरदस्तीनं लिहिण्याचे उपाय जागोजागी वाचायला मिळतील, ते करू नका. विंडोजमध्ये जा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी’, स्पेस, स्लॅश ‘एच’, स्पेस, ‘ओ-एफ-एफ’ द्या. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, वर हायबरनेटच्या फाइलीनं अडवलेली काही जीबी जागा सुटते. एनटीएफएसमध्येच खोट असेल तर ती विंडोजच्या चेकडिस्कनंच काढा.

पार्टिशनच्या प्रकारात ‘बिटलॉकर’ दिसलं तर तो हिस्सा कुलूपबंद आहे. विंडोज 11 च्या पुष्कळ लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं. जीपार्टेडनं त्याचा आकार बदलायला जाऊ नका; विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. 48 आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, कारण बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती विचारू शकतं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर आहे का बघा. ‘एएचसीआय’ करायचं, पण त्याआधी विंडोजला सेफ मोडमध्ये चालू होण्याची सूचना देऊन ठेवायची. तसं न करता बदललं तर विंडोज चालू होत नाही.

ग्रब रेस्क्यू

विंडोजमधून “हे अनोळखी पार्टिशन” म्हणून लिनक्सचा हिस्सा उडवला, किंवा हिश्शांचे नंबर सरकले, की ग्रबला, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरला, स्वतःच्या फाइली सापडत नाहीत. त्या जागेवर असतील तर तिथूनच बाहेर पडता येतं.

1. ‘एल-एस’ द्या. (एचडी0,जीपीटी5), (एचडी0,जीपीटी7) अशी यादी येईल. डिस्क शून्यापासून मोजतात, हिस्से एकपासून.

2. ‘एल-एस’, स्पेस, कंसासकट एक नाव आणि लगेच स्लॅश. ‘अननोन फाइलसिस्टीम’ आलं तर पुढचं नाव. ‘बूट’ फोल्डर दिसलं की हिस्सा सापडला.

3. ‘एस-ई-टी’, स्पेस, ‘आर-ओ-ओ-टी’, बरोबर चिन्ह, ते कंसातलं नाव.

4. ‘एस-ई-टी’, स्पेस, ‘पी-आर-ई-एफ-आय-एक्स’, बरोबर चिन्ह, तेच नाव, आणि त्याला जोडून स्लॅश बूट स्लॅश ग्रब. फेडोरावर शेवटचं फोल्डर ग्रब2.

5. ‘आय-एन-एस-एम-ओ-डी’, स्पेस, ‘एन-ओ-आर-एम-ए-एल’. मग नुसतं ‘एन-ओ-आर-एम-ए-एल’. मेनू दिसतो.

हे एका वेळेपुरतं. लिनक्स चालू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवून ‘अपडेट-ग्रब’ चालवलं तरच कायमचं होतं. फेडोरावर यूईएफआय असेल तर ग्रब-इन्स्टॉल चालवू नका, तिथे ग्रबची पॅकेजं रीइन्स्टॉल करायची असतात.

मेनू येतो, पण शेजारचं लिनक्स त्यात नाही? 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘ई-टी-सी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधल्या ग्रब फाइलीत ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ची ओळ मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहा, पुढे बरोबर चिन्ह आणि लहान अक्षरांत ‘एफ-ए-एल-एस-ई’. मग अपडेट-ग्रब. शेजारच्या लिनक्सला नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की मेनू ज्या लिनक्सचा आहे त्यात जाऊन हीच आज्ञा पुन्हा चालवावी लागते.

उबुंटू आणि मिंट एकत्र ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या: दोघंही ईएफआय पार्टिशनमध्ये ‘उबुंटू’ याच नावाच्या फोल्डरात बूटलोडर ठेवतात. नंतर आलेला आधीच्यावर लिहितो. पार्टिशन शाबूत असतं, फक्त पाटी बदललेली असते.

जागा वाढवायची आहे, पण वाढत नाही

वरच्याच डिस्कवर पहिलं लिनक्स भरलं म्हणून सी ड्राइव्हमधून 40 जीबी काढले. जीपार्टेडमध्ये मोकळी जागा दिसते, तरी लिनक्सचा हिस्सा मोठा होत नाही. कारण ती जागा तिसऱ्या आणि चौथ्या हिश्शाच्या मध्ये आहे, आणि लिनक्स पाचवं. मधल्या रिकव्हरीचा बांध ओलांडून जागा घेता येत नाही. रिकव्हरी डावीकडे सरकवा आणि मग पाचव्याची सुरुवात डावीकडे ओढा, असं करता येतं, पण त्यात 80 जीबीचा अख्खा हिस्सा हलतो आणि नंतर विंडोजची रिकव्हरी चालेलच असं नाही. त्यापेक्षा त्या 40 जीबीत नवं ईएक्सटी-4 पार्टिशन करून डाउनलोड, फोटो, व्हर्च्युअल मशीन तिकडे हलवा. काहीही न सरकवता काम भागतं.

जीपार्टेडमध्ये हिश्शावर किल्लीचं चिन्ह असेल तर तो जोडलेला (माउंट केलेला) आहे. स्वॅपवर असेल तर ‘स्वॅपऑफ’ करा. ईएक्सटी-4 चालू असताना मोठं होतं, लहान मात्र सोडवल्यावरच (अनमाउंट केल्यावरच) होतं. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम असेल तर ती लहान करण्याच्या भरवशावर राहू नका.

त्याआधी खरंच भरलंय का ते बघा. ‘डी-एफ’, स्पेस, डॅश ‘एच’. जागा दिसते तरी ‘नो स्पेस’ येत असेल तर डॅश ‘आय’ देऊन आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) बघा. लाखो बारीक फाइलींनी ते आधी संपतात. ईएक्सटी-4 मुळात 5 टक्के जागा रूटसाठी राखतं, म्हणून बेरीज जुळत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 ला आलं की नदीकाठ सामान हलवायला लागतो, 43 ची वाट बघत नाही. मूळ पार्टिशनलाही तशीच पातळी ठरवा: 80 टक्क्यांवर आवराआवर, 90 च्या पुढे नवं काही टाकायचं नाही. जुने कर्नल काढले आणि जर्नल (सिस्टीमच्या जुन्या नोंदी) कापलं तरी बरीच जागा सुटते.

फाइल सिस्टीमची दुरुस्ती आणि हरवलेला हिस्सा

‘ई-2-एफ-एस-सी-के’ आधी डॅश ‘एन’ देऊन चालवा, म्हणजे ती फक्त सांगेल, बदलणार नाही. पार्टिशन सोडवलेलं हवं. जुन्या लिनक्समधून नव्याचं पार्टिशन तपासताना ‘फीचर सी12’ असं न समजणारं काही आलं तर घाबरू नका: 2023 च्या ई2एफएसप्रॉग्स 1.47 पासून ईएक्सटी-4 मध्ये नव्या सोयी आल्या, त्या जुन्या तपासनिसाला कळत नाहीत. नव्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून तपासा. सुपरब्लॉकच (फाइल सिस्टीमची मूळ नोंद) वाचता येत नसेल तर डॅश ‘बी’ आणि 32768 द्या. 4 केबी ब्लॉक असलेल्या पार्टिशनवर राखीव प्रत तिथे असते.

हिस्साच गायब असेल तर टेस्टडिस्क हा हरवलेले हिस्से शोधणारा प्रोग्रॅम. डिस्क निवडा, टेबलाचा प्रकार तो सुचवेल तोच ठेवा, ॲनालाइज, मग क्विक सर्च. सापडलेल्या हिश्शावर उभं राहून ‘पी’ दाबा. आतल्या फाइलींची नावं ओळखीची दिसली तरच पुढे जा. नाही दिसली तर डीपर सर्च. पहिल्या दिवशी काढलेली नक्कल इथे उपयोगी पडते: सुरुवातीचा सेक्टर तिच्याशी जुळला की ‘राइट’. जुळत नसेल तर राइट न करता फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, त्याच डिस्कवर कधीच नाही. एसएसडीवर नुसता हिस्सा उडवला असेल तर अशी आशा असते, पण फॉरमॅट झालेला असेल तर ती फार थोडी: फॉरमॅट करतानाच ट्रिमची सूचना जाते आणि एसएसडी ते ब्लॉक स्वतःच रिकामे करते. म्हणून हिस्सा उडाल्याचं कळलं त्या क्षणी मशीन बंद करा आणि पुढचं सगळं लाइव्ह पेनड्राइव्हवरून.